विश्लेषण : इमारतीच्या दर्शनी आवरणामुळे विजेचे बिल का वाढते?

कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात बांधला गेला. आज नव्या व्यापारी संकुलांना काच, एसीपी किंवा ग्रॅनाइटची फरशी लावली जाते. दिसायला इमारत चकचकीत होते; पण उन्हाळ्यात एसीचे बिल किती येणार, हेही याच निवडीवर बरेचसे ठरते.

दगडी भिंत आणि दगडी फरशी यांत फरक काय?
काळा दगड ऊन जास्त शोषतो. पण जाड दगडी भिंतीतून उष्णता आत यायला बरेच तास लागतात. तोवर दिवस कलतो आणि खिडक्या उघडल्या की रात्रीच्या वाऱ्याने खोली निवते. वरून चिकटवलेली फरशी जेमतेम २० मिलिमीटरची असते. ती उष्णता अडवत नाही. उलट गडद रंगाची असेल तर भिंत अधिक तापते.

काच लावली तर?
नऊ इंची विटांच्या भिंतीच्या तुलनेत साधी एकेरी काच अडीच ते तीन पट उष्णता आत सोडते. शिवाय तिच्यावर पडणाऱ्या उन्हातील सुमारे ८० टक्के ऊर्जा खोलीत शिरते, ती वेगळीच.

एसीपीचा उपयोग होतो का?
अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधील गाभ्यासह एसीपीची जाडी सहसा तीन-चार मिलिमीटर असते. त्यामुळे तो स्वतः उष्णता फारशी रोखत नाही. मात्र भिंतीपासून अंतर सोडून बसवला आणि मागे हवा खेळती राहिली, तर भिंतीवर सावली पडते व गरम हवा वरून निघून जाते. पण हीच पोकळी आगीत धुराड्यासारखी काम करते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ज्वलनशील गाभ्याच्या अशाच आवरणामुळे आग भडकली आणि ७२ जणांचा जीव गेला.

नियम काय सांगतात?
निवासी इमारतींसाठीच्या ‘इको-निवास संहिता २०१८’नुसार, थंड प्रदेश वगळता, भिंती व खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या सर्वसाधारण निकषात काचेचे प्रमाण बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे.

कोल्हापुरात काय करता येईल?
मेच्या पहिल्या आठवड्यात येथे भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीपेक्षा छत, पूर्व आणि पश्चिम बाजू जास्त तापतात. पश्चिमेला काच कमी ठेवावी, असलेल्या काचेला बाहेरून आडोसा करावा, रंग फिकट निवडावा. नवे बांधकाम असेल तर साध्या विटांऐवजी एएसी ब्लॉक उष्णता चांगली रोखतात. एसीपी लावायचाच असेल, तर गाभा ज्वलनरोधक आहे का आणि प्रत्येक मजल्यावर पोकळीत आग अडवणारे पट्टे आहेत का, हे कंत्राटदाराला दर विचारण्याआधी विचारावे.