वादळ किती वेळ देतं?

चिखलदऱ्याच्या प्रेक्षणीय जागांत एक हरिकेन पॉइंट आहे. समोर गाविलगड, पायाखाली खोल दरी आणि पावसाळ्यात माणसाला नीट उभंही राहू न देणारा वारा. खरं हरिकेन मात्र इथवर पोचू शकत नाही. अरबी समुद्र पश्चिमेला साडेचारशे किलोमीटरहून लांब, बंगालचा उपसागर त्याच्याही कितीतरी पलीकडे, आणि समुद्राची ऊब तुटली की चक्रीवादळाचा जोर ओसरतो. म्हणूनच अमरावती-अकोल्याच्या घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. मुलीला चेन्नईत किंवा विशाखापट्टणमला नोकरी लागते, मुलगा ह्यूस्टनला किंवा फ्लोरिडात जायला निघतो आणि घरची मंडळी विचारतात, ‘तिकडे वादळं येतात म्हणे, तिथं राहायला जावं का?’ प्रश्न रास्त आहे. पण आपण आहोत तो मुलूख वादळापासून सुरक्षित आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक तपासून पाहायला हवं, कारण वादळाचा धोका आपण नेहमी वाऱ्याच्या वेगावरून मोजतो. राहत्या माणसाच्या दृष्टीनं त्याहून उपयोगी माप दुसरंच आहे. वादळ येतंय हे कळल्यापासून ते दारात येईपर्यंत हाती किती वेळ उरतो, हे ते माप.

चक्रीवादळ या मापावर उदार आहे. त्याला किमान साडेसव्वीस अंश तापलेलं समुद्राचं पाणी लागतं, आकार घ्यायला दिवस लागतात, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि इतकं अवाढव्य प्रकरण उपग्रहाच्या नजरेतून सुटत नाही. भारतीय हवामान विभाग ४८ तास आधी सावध करतो, २४ तास आधी पक्का इशारा देतो, आणि एक दिवस आधी वर्तवलेल्या मार्गातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. या वेळाचं मोल ओडिशाइतकं कुणालाच ठाऊक नसेल. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे १० हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन गोपाळपूरजवळ धडकलं, तेव्हा त्याआधीच १० लाखांच्या आसपास लोक हलवले होते आणि बळींचा आकडा काही डझनांवर थांबला. मधल्या चौदा वर्षांत समुद्र निवळला नव्हता. निवारे उभे राहिले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले आणि मिळालेल्या वेळाचं काय करायचं हे लोकांना ठाऊक झालं. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ताशी ११०-१२० किलोमीटर वेगानं किनाऱ्यावर आलं, तेही सांगून-सवरून. रायगड-रत्नागिरीतले हजारो लोक आदल्या दिवशीच सुरक्षित जागी गेले होते.

आता वऱ्हाडाकडे येऊ. ९ एप्रिल २०२३ची संध्याकाळ, अकोला जिल्ह्यातलं पारस. बाबूजी महाराजांच्या मंदिरात रविवारची गर्दी होती. अचानक वारा सुटला, पाऊस आला, आणि लोक आडोशाला टिनाच्या शेडखाली शिरले. बाजूचं जुनं, मोठं कडुनिंबाचं झाड त्याच शेडवर कोसळलं. सात जणांचा जीव गेला आणि कित्येक जखमी झाले. या वादळाला नाव नव्हतं आणि नकाशावर त्याचा मार्ग कुणी आखला नव्हता. विजांसह वादळी पावसाचा इशारा जिल्ह्यासाठी निघतो. तो अमुक गावातल्या अमुक झाडाबद्दल काही सांगू शकत नाही. सांगणार तरी कसा? ज्या ढगातून हे वादळ येतं तो बारा-चौदा किलोमीटर उंच असला तरी रुंदीला मोजक्याच किलोमीटरचा असतो आणि तासाभरात जन्मून, बरसून संपून जातो.

या ढगातला वारा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याला वऱ्हाडाचा उन्हाळाच जबाबदार आहे. एप्रिल-मेमध्ये इथली जमिनीलगतची हवा त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणि खडखडीत कोरडी असते. वरून पडणारे पावसाचे थेंब या कोरड्या थरातून येताना वाटेतच सुकू लागतात आणि सुकताना आजूबाजूच्या हवेची उष्णता ओढून घेतात. अकोल्याच्या घराघरांतला कूलर याच तत्त्वावर चालतो. ओल्या ताटीतून आलेली हवा गार होते. फक्त इथला कूलर काही किलोमीटर उंचीचा असतो. गार हवा जड असते, म्हणून ती दगडासारखी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. आपल्याकडे थेंबाआधी धूळ आणि धुळीबरोबर गारवा येतो तो यामुळे. बरं, हवा जितकी कोरडी तितका हा मारा जोरदार, आणि काही वेळा तर थेंब जमिनीपर्यंत न पोचता नुसता वाराच पोचतो. ताशी शंभर किलोमीटरचा झोत यातून निघू शकतो, म्हणजे निसर्ग वादळाच्या जवळपास. फरक एवढाच की निसर्गनं दोन दिवस दिले होते आणि हा देतो दहा-पंधरा मिनिटं.

अशा खाली आपटणाऱ्या वाऱ्याची ओळख जगाला पटवून दिली ती तेत्सुया फुजिता या जपानी संशोधकानं. टोर्नेडोची तीव्रता मोजणारी फुजिता श्रेणी पुष्कळांना माहीत असते. या दुसऱ्या, माझ्या मते जास्त माणसं वाचवणाऱ्या कामाबद्दल क्वचितच बोललं जातं. १९४५मध्ये नागासाकीवर बॉम्ब पडला त्यानंतर काही आठवड्यांनी हा तरुण प्राध्यापक तिथली पाहणी करायला गेला. स्फोटाच्या थेट खालची झाडं जळूनही उभी होती आणि लांबची झाडं बाहेरच्या दिशेनं, ताऱ्याच्या किरणांसारखी आडवी झाली होती. पुढे दोनच वर्षांनी क्युशू बेटावरच्या सेफुरी डोंगरावरच्या वेधशाळेतल्या नोंदी अभ्यासताना गडगडाटी ढगाखाली हवा वेगानं खाली येते, हे त्यानं ताडलं. आपल्याच कुवतीवर, तुटपुंज्या साधनांनी. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९७४च्या एप्रिलमध्ये टोर्नेडोंचा मोठा उद्रेक झाला. नुकसानीची विमानातून पाहणी करताना एका जंगलात त्याला पुन्हा तीच किरणांसारखी पडझड दिसली. टोर्नेडोनं पाडलेली झाडं भोवऱ्यात पडतात, ही तशी नव्हती. २४ जून १९७५ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं विमान कोसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. त्याच धावपट्टीवर काही मिनिटं आधी दुसरी विमानं सुखरूप उतरली होती. फुजितानं दोन्ही गोष्टी जोडल्या. बऱ्याच सहकाऱ्यांना ते पटलं नाही. ढगातून खाली येणारा वारा जमिनीजवळ मंदावतोच, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७८मध्ये शिकागोजवळ डॉपलर रडार लावून त्यानं हे झोत प्रत्यक्ष टिपले तेव्हा वाद मिटला. पुढे विमानतळांवर या वाऱ्यासाठी खास रडार आली, वैमानिकांना प्रशिक्षण मिळालं आणि अशा दुर्घटना जवळजवळ थांबल्या. वाचवणारा वेळ इथंही मिनिटांचाच होता. तो मिनिटभराचा वेळ वैमानिकाच्या कानापर्यंत नेण्याची व्यवस्था उभी राहिली, एवढंच.

इथं एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. चक्रीवादळ सबंध जिल्हे झोपवतं. वळवाचं वादळ एखादं शेत, एखादी वस्ती. दोघांना एका मापात कसं धरायचं? मालमत्तेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. निसर्गनं श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. दोन दिवस आधी कळलं म्हणून सुपारीचं झाड उचलून नेता येत नाही, आणि नवी बाग उत्पन्नाला यायला वर्षं जातात. किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्यानं हा खर्च धरूनच जायला हवं. विमा, छप्पर, काही दिवस विजेशिवाय काढण्याची तयारी, हे सगळं त्यात आलं. पण जिवाच्या हिशेबात चित्र बदलतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसं गेली, त्यातली २,८८७ वीज पडून. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. यातला बळी एकेकटा असतो. शेतात सरकी टोबताना, गुरं राखताना, झाडाखाली थांबलेला असताना तो जातो. त्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी मिळतात आणि म्हणूनच आपल्या मनात वऱ्हाड सुरक्षित राहतं.

दुसरा आक्षेप हवामान बदलाचा. अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढली, मग किनाऱ्यावर जाणं आता शहाणपणाचं उरलं का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवलं की गेल्या दोन दशकांत तिथल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. अभ्यास भक्कम आहे आणि समुद्र तापतोय यात शंका नाही. मात्र ‘५२ टक्के’ मथळ्यात आले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दर महिन्याला एक वादळ उभं राहतं. अरबी समुद्रात मुळात वर्षाला एखाद-दुसरंच चक्रीवादळ होतं आणि त्यातली बरीचशी ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. वाढ गंभीर आहे, पण रत्नागिरीत घर घ्यायचं की नाही हे टक्केवारीवरून ठरू नये. ते घर खाडीच्या पाण्यापासून किती उंचीवर आहे, यावरून ठरावं.

कारण वाऱ्याइतकंच, पुष्कळदा त्याहून जास्त, मारतं ते पाणी. २०१७मध्ये हार्वे वादळानं टेक्ससमध्ये एका ठिकाणी आठवड्याभरात दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला. चिखलदऱ्यात साधारण वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळपास. ह्यूस्टनच्या नकाशात पूररेषेबाहेर दाखवलेल्या हजारो घरांत तेव्हा पाणी शिरलं. आपल्याला मात्र धडा घ्यायला टेक्ससला जायला नको. ३० जुलै १९९१ला सातपुड्याच्या उतारावरून आलेल्या वर्धा नदीच्या पुरात नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव बुडालं आणि २०४ माणसं गेली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. गाव नंतर वेगळ्या जागी वसवलं गेलं, म्हणजे जागेचा विचार झाला, पण दोनशे माणसं गमावल्यावर.

जागेचा विचार आधी करणारा माणूस इतिहासात आहे, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. हेन्री पिडिंग्टन. जहाजावरचा माणूस, पुढे कोलकात्यात स्थायिक झालेला. बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या जमवून, त्यातल्या वाऱ्याच्या दिशा जुळवून त्यानं वादळांचं फिरणं अभ्यासलं. चक्रीवादळाला आज जगभर वापरात असलेलं सायक्लोन हे नाव त्याचंच. कोलकात्याला पर्याय म्हणून सुंदरबनाच्या बाजूला मातला नदीवर नवं बंदर उभारायचं घाटत होतं. तेव्हा १८५३मध्ये त्यानं गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून कळवलं की इथं कधीतरी वादळासोबत समुद्राची लाट आत येईल आणि सगळं वाहून नेईल. कुणी ऐकलं नाही. बंदर झालं, त्याला पोर्ट कॅनिंग असं नाव मिळालं. १८५८मध्ये पिडिंग्टन वारला. १८६७च्या नोव्हेंबरमध्ये वादळ आलं, लाट आली, आणि काही वर्षांत ते बंदर गुंडाळावं लागलं. चौदा वर्षं आधी मिळालेला इशारा होता हा. राहायला कुठं जायचं हे ठरवणाऱ्याच्या हाती नेमका असाच लांबलचक वेळ असतो. पुढे वादळ आल्यावर मिळणाऱ्या मिनिटांची किंवा दिवसांची भरपाई त्यातूनच होते.

चिखलदऱ्याच्या बाबतीत हा वेळ आत्ता हातात आहे. सिडकोकडे इथलं नियोजन आहे, स्कायवॉकसारख्या प्रकल्पांची चर्चा आहे, रिसॉर्ट आणि सुट्टीची घरं वाढतायत आणि अकराशे मीटर उंचीच्या पठाराच्या कडेला, दरी दिसेल अशी जागा सगळ्यांनाच हवी असते. त्या कडेवरच वारा सगळ्यात जास्त आणि विजेला उघडं माळरान. तिथं घर घेणाऱ्यानं विचारायचे प्रश्न साधे आहेत. पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेत की बोल्टनं कैचीला जखडलेत? इमारतीला तडितरक्षक आहे का? छपरावर झेपावेल असं वाळकं झाड जवळ आहे का? आणि वादळात पर्यटक धावत जातील ते शेड पक्क्या भिंतींचं आहे की चार खांबांवरचं टिन?

मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण त्यांना जागा निवडायला कुणी बोलावत नाही. त्यांच्यासाठी मिनिटंच वाढवावी लागतील. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे पुण्याच्याच संस्थेचं ॲप अर्धा-पाऊण तास आधी सांगू शकतं, पण जिथं मोबाइलला रेंज नाही त्या गावात ते मुकं आहे. नागपूरचं डॉपलर रडार इथून सुमारे १८० किलोमीटरवर. पृथ्वीची गोलाई आणि किरणाचा तिरपेपणा धरला तर इतक्या अंतरावर त्याची नजर वऱ्हाडच्या सपाटीपासून तीन-साडेतीन किलोमीटर वरून जाते. ढगाचा माथा दिसतो आणि फुजितानं शोधलेला तो खालचा झोत नजरेखालून निसटतो. पश्चिम विदर्भासाठी जवळचं, लहान पल्ल्याचं रडार आणि त्यावरून निघालेला इशारा कोरकूत सांगणारा ग्रामपंचायतीचा भोंगा, या दोन्हीचा खर्च एखाद्या पर्यटन प्रकल्पाच्या तुलनेत फार नाही. तोवर आकाशानं दिलेली खूण वापरता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आवाज आला की शेत सोडून पक्क्या घरात जायचं. झाडाखाली किंवा टिनाच्या मोकळ्या शेडखाली थांबायचं नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडायचं नाही.