पुस्तक मिटा, मग विचारा

यूएईतल्या अल ऐनमधल्या सीबीएसई शाळेतल्या मुलाचा अभ्यास घेताना आपण मराठी आईबाबा धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावतो. वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून पाठ झालं असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग वेगळं सांगतो. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फेरवाचन करणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, एकदा न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आठवायची धडपडच आठवण पक्की करते.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. तेव्हा पुस्तक मिटून विचारा : फलजचं, म्हणजे इथल्या पारंपरिक पाटाचं, पाणी खजुराच्या बागेपर्यंत कसं पोहोचतं? मूल अडखळलं तर थांबा, उत्तर लगेच पुरवू नका. चुकलंच तर धडा उघडून दाखवा. तोच प्रश्न रविवारी, मग पुढच्या आठवड्यात.