जुन्या पत्र्याच्या छपरातील गळती : शोध आणि दुरुस्ती

प्रस्तावना

महाविद्यालयाची कार्यशाळा, सायकल-स्टँड, जिमखाना किंवा भांडारगृह यांवर बहुधा पन्हळी पत्र्याचे छप्पर असते. अशा छपराला गळती लागली की जेथे थेंब पडतो त्याच्या नेमके वर डांबर थापण्याची प्रथा सर्वत्र आढळते. पुढील पावसाळ्यात तेच छप्पर पुन्हा गळते. या अपयशाचे मूळ बहुतेक वेळा साहित्यापेक्षा निदानात असते. पाणी एका ठिकाणी शिरते आणि दुसऱ्याच ठिकाणी टपकते. चुकीच्या जागी केलेला लेप ओलावा अडकवून पत्र्याचे आयुष्य कमी करतो. प्रस्तुत लेखात गळतीची कारणे, तिचा शोध घेण्याची रीत व दुरुस्ती यांचे विवेचन केले आहे.

गळतीची कारणे

पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लंडन येथे घेतले. लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांना १८३७ मध्ये मिळाले. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. मात्र हा थर अतिशय पातळ असतो. दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावरही प्रत्येक बाजूस तो सुमारे २० मायक्रॉन एवढाच भरतो. कोकणपट्टीत खारी हवा व दीर्घकाळ टिकणारा ओलावा यांमुळे तो लवकर संपतो.

तरीही जुन्या छपरात गळतीचा आरंभ पत्र्याच्या पृष्ठभागापेक्षा जोडणीच्या जागी अधिक होतो. पोलाद तापल्यावर प्रसरण पावते. पहाट व दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ६ मीटर लांबीचा पत्रा सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. ही हालचाल रोज घडत राहिल्याने जे-बोल्टची व स्क्रूची भोके रुंदावतात. डांबरी वा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात.

दुसरे स्थान म्हणजे पत्र्यांचा सांधा. दोन पत्रे एकमेकांवर घट्ट बसले असता केशाकर्षणाने पाणी उताराच्या उलट दिशेने वर चढते. त्यामुळे आडव्या सांध्यात किमान १५० मिलिमीटर आच्छादन ठेवतात व उतार कमी असल्यास ते वाढवतात. तिसरे स्थान पन्हळीचे. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी जमते. पालापाचोळ्याने पन्हळ तुंबलेली असेल, तर हे पाणी कडेवरून भिंतीत उतरते व छप्पर गळत असल्याचा भास होतो.

गळतीचा शोध

प्रथम ती खरोखर गळती आहे का, हे पाहावे. पाऊस नसताना पहाटे पत्र्याच्या खालच्या बाजूस सर्वत्र सारखे थेंब दिसत असतील, तर ते आतील दमट हवेचे दव होय. त्यावर डांबराचा उपयोग नाही. वायुवीजन वा उष्णतारोधक थर हाच त्याचा उपाय.

त्यानंतर भर दुपारी शेड अंधारी करून आतून पाहणी करावी. प्रकाशाचे ठिपके दिसतील तेथे खडूने खूण करावी. पत्र्याच्या खालून ओघळणारे पाणी आडव्या पर्लिनपर्यंत येते, तिच्या कडेने सरकते व मग टपकते. म्हणून प्रवेशाची जागा बहुधा थेंबाच्या वरच्या, म्हणजे मोभाच्या बाजूस शोधावी लागते. गंजाचे ओघळ हा मार्ग दाखवतात.

यानेही उलगडा न झाल्यास पाण्याची नळी वापरावी. वीजपुरवठा बंद करून वळचणीकडून मोभाकडे एकेक पट्टा भिजवत जावे. प्रत्येक पट्ट्यावर सुमारे दहा मिनिटे पाणी सोडावे व एका व्यक्तीने आत लक्ष ठेवावे. वरून प्रारंभ केल्यास पाणी खालचे सर्व सांधे भिजवते आणि दोष कोणत्या सांध्यात आहे ते कळत नाही.

दुरुस्ती

सैल जे-बोल्टचे वॉशर बदलावेत. स्क्रूचे भोक मोठे झाले असल्यास अधिक व्यासाचा स्क्रू नव्या रबरी वॉशरसह बसवावा. तो अति आवळल्यास पत्रा दबतो व त्या खळग्यात पाणी साचते. सांध्यात ब्यूटाइल पट्टी दोन पत्र्यांच्या मध्ये घालावी. केवळ खालची बाहेरील कड बुजवल्यास आत शिरलेले पाणी अडकून सांधा आतून गंजतो.

बारीक छिद्राभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने काढून जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि जाळी व जलरोधक लेप यांनी ते बंद करावे. मोठ्या छिद्रावर त्याच धातूचे ठिगळ बसवावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जस्तास घातक असल्याने तटस्थ प्रकारचे निवडावे. भिंत व पत्रा यांच्या सांध्यात सिमेंटचा गिलावा भरण्याची प्रथाही सदोष आहे. पत्र्याच्या हालचालीने तो तडकतो, तर ओल्या सिमेंटची अल्कता जस्त खाते. तेथे भिंतीत खोचलेली पत्र्याची झालर लावणे योग्य. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा सहज भेदला जात असेल, तर ठिगळ न लावता तो पत्रा बदलावा.

सुरक्षितता

गंजलेला पत्रा व उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा माणसाचे वजन पेलत नाहीत. अनेकदा हे काम शिपायावर वा रोजंदारीच्या कामगारावर सोपवले जाते. त्यास सुरक्षापट्टा व चालण्यासाठी फळ्या देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. बोल्टच्या ओळीखाली पर्लिन असते. फळ्या तिच्या आधारानेच टाकाव्यात. ओल्या पत्र्यावर कोणासही चढवू नये. नळीची चाचणी शिडीवरून वा जमिनीवरून करावी.

निष्कर्ष

जुन्या छपराची गळती ही प्रामुख्याने जोडणीची समस्या आहे. पावसाळ्यात खुणा करणे, उन्हाळ्यात सकाळच्या वेळी दुरुस्ती करणे व जूनपूर्वी पन्हळ साफ करणे, असा क्रम पाळल्यास संपूर्ण छप्पर बदलण्याचा खर्च बराच काळ टाळता येतो. निदानाशिवाय थापलेले डांबर मात्र तो खर्च जवळ आणते आणि त्याच छपरावर दरवर्षी एका माणसाला पुन्हा चढावयास लावते.