किती राहिलं रे?

फायनल इयरच्या कुठल्याही प्रोजेक्ट ग्रुपला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "ऐंशी टक्के झालंय!" हे ऑगस्टमध्येही ऐकू येतं आणि मार्चमध्येही. म्हणून मित्रांनो, प्रश्नच बदलायचा. किती झालं ते नको, किती राहिलं ते सांग. बर्नडाउन चार्ट एवढंच विचारतो. सॉफ्टवेअरमधल्या स्क्रम पद्धतीचे केन श्वाबर यांनी २००० च्या सुमारास तो रूढ केला. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर शिल्लक काम. रेघ उतरत उतरत शून्याला टेकली की सुटलो!

आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. उधना-जळगाव या सुमारे ३०७ किलोमीटर रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झालं. त्याचा बर्नडाउन काढला तर रेघ घसरगुंडीसारखी नाही, जिन्यासारखी उतरेल. कारण नुसते रूळ टाकून भागत नाही. तपासणी होऊन एखादा टप्पा गाड्यांना खुला झाला, की मगच तेवढे किलोमीटर वजा करायचे. प्रोजेक्टलाही हाच नियम लावावा असं मला वाटतं. कोड लिहिलाय पण चालवून बघितला नाही? मग तो शिल्लकमध्येच.

आता चार्ट बनवू या. मी टॅब्लो वापरते (गॅदरिंगमधला नव्हे, सॉफ्टवेअर!). त्याची टॅब्लो पब्लिक ही फुकट आवृत्ती आपल्याला पुरते. आधी एक्सेलमध्ये साधा तक्ता करा: तारीख, कामाचं नाव, शिल्लक तास. दर शनिवारी प्रत्येक कामासाठी नवीन ओळ लिहायची आणि "अजून किती तास लागतील" याचा ताजा अंदाज टाकायचा. दहा तासांच्या कामावर सहा तास घालवले म्हणून चारच उरले असं नसतं. कधीकधी बाराही उरतात.

तक्ता टॅब्लोत उघडून तारीख आडवी आणि तासांची बेरीज उभी ओढून टाका. इथे पहिली गंमत होते. टॅब्लो आपणहून तारखेचं वर्ष करतं आणि सगळ्या शनिवारांचे शिल्लक तास एकत्र मिळवून भलताच मोठा आकडा दाखवतं. तारखेच्या मेनूत जाऊन 'एक्झॅक्ट डेट' निवडा, की रेघ सरळ होते.

दुसरी रेघ आदर्श वेगाची. समजा काम १६० तासांचं आणि हातात ८ आठवडे, म्हणजे आठवड्याला २० तास. कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये १६० मधून, उलटलेले आठवडे गुणिले २०, वजा करा. ही रेघ टाकताना बेरजेऐवजी 'मिनिमम' घ्यायचं, नाहीतर जितकी कामं तितक्या पट आकडा येतो. मग 'ड्युअल अ‍ॅक्सिस' करून 'सिंक्रोनाइझ अ‍ॅक्सिस' करायचंच. ते राहिलं तर दोन्ही रेघा आपापल्या मापाने उतरतात आणि मागे पडलेला ग्रुपही वेळेवर दिसतो. चार्ट खोटं बोलतो तो असा!

समजा तिसऱ्या आठवड्याअखेर आदर्श रेघ १०० वर आहे आणि आपली १३० वर. दिसायला फरक तीसचाच. पण तीन आठवड्यांत फक्त ३० तास संपले, म्हणजे वेग आठवड्याला १०. याच वेगाने अजून १३ आठवडे लागतील, आणि हातात आहेत ५! वेळेवर पोचायचं तर आता दर आठवड्याला २६ तास हवेत. "होईल रे" म्हणणाऱ्या मित्राशी वाद घालण्यापेक्षा ही रेघ त्याच्यासमोर धरावी.

आणि मध्येच गाईडनी "एक एसएमएसचं मॉड्यूल पण टाका" म्हटलं तर? रेघ वर जाईल. जाऊ द्या. जुने आकडे खोडून ती गुळगुळीत करू नका. त्या तारखेवर उजवं क्लिक करून 'अ‍ॅनोटेट'मध्ये लिहून ठेवा: 'नवीन काम, १५ तास'. पुढच्या रिव्ह्यूला हाच चार्ट घेऊन गाईडकडे जा आणि कुठलं मॉड्यूल गाळायचं ते त्यांनाच विचारा. पाच आठवडे हातात असताना हे विचारता येतं, सबमिशनच्या आदल्या रात्री नाही.