नाचता येईना? मग गाणं काय सांगतंय ते ऐका

महाड-पोलादपूरकडच्या हळदीत किंवा वरातीत एक गृहस्थ हमखास भेटतो. एरवी चारचौघांत तोंड उघडायचा नाही. पण बँडवाल्यांनी ‘अलबेला’ चित्रपटातलं गाणं धरलं की दोन्ही हात छातीशी घेऊन, खांदे हलवत, जागच्या जागी पावलं टाकायला लागतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. भगवानदादांचा नाच शिकावा लागत नाही, हेच त्याचं मोठेपण. रॉक अँड रोलच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत नाचांच्या ज्या साथी आल्या, त्यांचंही इंगित हेच होतं. ज्याला नाचता येत नाही, त्यालाच तो नाच आधी आला पाहिजे.

ट्विस्ट घ्या. गाणं मुळात हँक बॅलर्डचं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं. १९६० साली चबी चेकर नावाच्या पोरसवद्या गायकानं ते पुन्हा गायलं आणि सप्टेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पोराचं खरं नाव अर्नेस्ट इव्हान्स. त्या काळचा मोठा गायक फॅट्स डॉमिनो, म्हणजे एक लठ्ठ आणि एक सोंगट्यांचा खेळ. त्यावरून थट्टेत याचं नाव पडलं चबी चेकर, म्हणजे गुबगुबीत आणि दुसरा सोंगट्यांचा खेळ. नाच शिकवण्याची त्याची रीतही तशीच. पायाखाली सिगारेट विझवायची आणि त्याच वेळी आंघोळीनंतर टॉवेलनं पाठ पुसायची, झाला ट्विस्ट. सावित्रीच्या घाटावर पंचानं पाठ पुसणाऱ्या माणसाला अर्धा नाच आलाच म्हणायचा. उरलेला अर्धा आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला उभ्यानं जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशाला येतो, तिकिटाच्या पैशात.

शिवाय या नाचात जोडीदाराला हात लावायचा नव्हता. त्यामुळे दुसऱ्याचा पाय तुडवण्याची भीती गेली, आणि आपण चुकलो हे सांगणारंही कुणी उरलं नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पेपरमिंट लाउंज’ या छोट्याशा बारमध्ये बडी मंडळी येऊन कंबर हलवू लागली. तेच गाणं जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा पहिलं आलं. त्याला तिथून खाली ओढलं ते ‘पेपरमिंट ट्विस्ट’नं, म्हणजे ट्विस्टनंच. पोरांचं म्हणाल तर, बाप जो नाच नाचायला लागतो तो पोरं सोडून देतात.

मग नवे नाच निघाले, आणि त्यांच्या नावांत भाजीबाजारापासून प्राणिसंग्रहालयापर्यंत सगळं आलं. कुस्करलेला बटाटा होता, तट्टू होतं, माकडही होतं. बटाट्याच्या नाचाची थट्टा करायला बॉबी पिकेटनं भयपटांतल्या बोरिस कार्लोफच्या आवाजात भुतांचा नाच गायला, आणि ते ‘मॉन्स्टर मॅश’ ऑक्टोबर १९६२ मध्ये पहिलं आलं. त्याच वर्षीच्या ‘लोकोमोशन’ची गोष्ट तर आणखी मजेची. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन या जोडप्यानं गाणं लिहिलं आणि आपलं मूल सांभाळणाऱ्या मुलीकडून, लिटल इव्हाकडून, गाऊन घेतलं. गाणं सांगतं, हा नवा नाच नाचा. पण असा नाच अस्तित्वातच नव्हता! गाणं गाजल्यावर बिचारीला तो बसवावा लागला. मांडव आधी आणि लग्न मागाहून ठरलं.

आता जरा सनावळी पाहू. बिल हेलीनं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित केलं एप्रिल १९५४ मध्ये, एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी जुलैत. ‘अलबेला’ १९५१ चा. ते रॉक अँड रोल नव्हतं. स्विंग आणि लॅटिन ठेक्यांचं ते मिश्रण होतं. पण वाजवणारे बरेचसे तेच गोव्याचे वादक होते, जे रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, हे त्यांतले एक. संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, म्हणजेच आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा, मारामारीचे स्वस्त चित्रपट काढणारा. सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ दिलं, तेव्हा ते खरंच रॉक अँड रोलपर्यंत पोचले. बाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी चकण्याची गाणी कानावर पडून ते सुचलं असं सांगतात. त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दही घुसडले. अर्थ नसणं हा त्या गाण्याचा दोष मानणाऱ्यांना नाचाचं गाणं कळलेलं नाही.

ट्विस्ट हिंदीत धुमधडाक्यात आला तो १९६५ मध्ये, मेहमूदच्या ‘भूत बंगला’त. तोवर अमेरिकेत बीटल्सचा बोलबाला होता आणि ट्विस्ट शिळा झाला होता. त्याच वर्षीच्या ‘गुमनाम’मधला लक्ष्मी छाया आणि मुखवटेवाल्यांचा नाच मात्र उलट्या दिशेनं गेला. २००१ चा ‘घोस्ट वर्ल्ड’ हा अमेरिकन चित्रपट त्या नाचानंच सुरू होतो.

आमच्याकडच्या डोंगरांत हे सगळं कसं पोचलं असेल? माझा तर्क सरळ आहे: गिरणीतला चाकरमानी गणपतीला आला, त्याच्याबरोबर सिनेमाही आला. गौरी-गणपतीतल्या जाखडीला, बाल्या डान्सला, सिनेमाची चाल वर्ज्य नाही. शक्ती पक्षाच्या शाहिरानं गाजलेल्या चालीवर सवाल टाकायचा, तुरा पक्षाच्या शाहिरानं त्याला जवाब द्यायचा आणि पायांत चाळ बांधलेल्या पोरांनी फेर धरायचा. ट्विस्टला ‘पेपरमिंट ट्विस्ट’नं दिलेलं उत्तर इथल्या शाहिराला मुळीच नवं वाटलं नसतं.

भगवानदादांकडे एके काळी जुहूला बंगला होता, आठवड्याच्या दर वाराला वेगळी मोटार होती, असं सांगतात. सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीत परतले. तिथं विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या दारापाशी थांबे, बँडवाले ‘अलबेला’ वाजवत आणि दादा नाचत. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी तिकडे चबी चेकरनं ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या अंगणात स्वतःचा पुतळा मागितला होता. हॉलनं त्याला आत घेतलं ते थेट २०२५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी.