विश्लेषण : शिर्डीला जाता-जाता पुणतांबा का आणि कसे पाहावे?

सुट्टी लागली की शिर्डीचा बेत ठरतो. दर्शन, प्रसाद, जमल्यास शनिशिंगणापूर आणि परतीचा प्रवास, असा हा ठरलेला कार्यक्रम. मुंबईहून शिर्डीला येणाऱ्या गाड्या ज्या गावावरून वळतात, त्या पुणतांब्यात मात्र फारसे कोणी उतरत नाही. गोदावरीच्या उजव्या तीरावरील हे जुने तीर्थक्षेत्र शिर्डीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. तेथे पाहण्यासारखे काय आहे आणि अर्धा दिवस कसा घालवावा, याविषयी…

पुणतांब्याची ओळख काय?

राहाता तालुक्यातील पुणतांब्याला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. ‘पुण्यस्तंभ’ या नावावरून पुणतांबा झाले, असे स्थानिक परंपरा सांगते. गावाची मुख्य ओळख म्हणजे योगी चांगदेव महाराजांची समाधी. शके १२२७ मध्ये, म्हणजे इ.स. १३०५ साली, चांगदेवांनी येथे समाधी घेतली असे मानले जाते. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हाती सापाचा चाबूक घेऊन निघालेला योगी आणि त्याला सामोरी गेलेली ज्ञानेश्वरादी भावंडांची चालती भिंत, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. चांगदेवांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांत उत्तर दिले, ती ‘चांगदेव पासष्टी’. पुढे याच योग्याने वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू मानले. या कथेचा शेवट पुणतांब्यात होतो.

जळगावचे चांगदेव आणि हे एकच का?

नाही. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळ, तापी-पूर्णा संगमावर, चांगदेव नावाचे गाव आणि प्राचीन मंदिर आहे. तेही पाहण्यासारखे आहे. पण समाधीस्थान पुणतांब्याचे. नावावरून गल्लत होते, त्यामुळे गाडी ठरवताना जिल्हा सांगितलेला बरा.

गावात काय पाहावे?

समाधी मंदिर आधी पाहावे आणि तेथून नदीकडे उतरावे. अहिल्यादेवी होळकरांनी येथे घाट बांधला. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा उभारणाऱ्या या राज्यकर्तीचे नाव आता जिल्ह्यालाच मिळाले आहे. तिचे काम जिल्ह्यात कोठे दिसते, असे मुलांनी विचारल्यास हा घाट दाखवता येतो. गावात महादेवाची व इतर देवतांची लहान-मोठी मंदिरे आहेत. घाई न करता दोन-तीन तास पुरतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर गेल्यास घाटावर निवांत बसता येते. पावसाळ्यात मात्र नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून विसर्ग सुरू असल्यास पायऱ्यांवर उतरू नये. येथे पाऊस नसला तरी नाशिककडच्या पावसाने नदी चढते.

शेतकरी संपाचे गाव ते हेच का?

होय. एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांनी संपाचा निर्धार केला आणि १ जूनपासून राज्यात दूध-भाजीपाल्याचा पुरवठा रोखण्यात आला. त्याच महिन्यात, २४ जूनला, राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा केली. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि पेरू पिकवणाऱ्या, तुलनेने सधन समजल्या जाणाऱ्या पट्ट्यातून ही ठिणगी का पडली, हे पारावर बसलेल्या जाणत्या माणसांना विचारावे. पुस्तकात न सापडणारे उत्तर मिळते.

जोडून आणखी काय पाहता येईल?

सुमारे वीस किलोमीटरवरील कोपरगाव. तेथील गोदाकाठचा ‘बेट’ नावाचा भाग शुक्राचार्यांच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. कचाने शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळवली ती येथेच, अशी श्रद्धा असून कचेश्वराचे मंदिरही जवळच आहे. सालबाईच्या १७८२ च्या तहानंतर रघुनाथराव पेशवे कोपरगावी येऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अटकेपर्यंतच्या मोहिमेत नाव कमावलेल्या आणि नारायणरावांच्या खुनाने बदनाम झालेल्या राघोबादादांची अखेर या नदीकाठी झाली.

कसे जावे?

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासूनचा, आणि पुणतांबा त्यावरील स्थानक. येथूनच साईनगर शिर्डीचा फाटा निघतो. शिर्डी स्थानक २००९ मध्ये सुरू झाले. वंदे भारत पुणतांब्याला थांबत नाही, त्यामुळे आपली गाडी थांबते का, हे आधी तपासावे. शिर्डीत मुक्काम करून रिक्षा किंवा खासगी वाहनाने जाणे सर्वांत सोयीचे. सकाळी पुणतांबा, दुपारी कोपरगाव, संध्याकाळी पुन्हा शिर्डी, असा एका दिवसाचा फेरा सहज होतो.

एवढा आटापिटा कशासाठी?

ग्रीसमधील मिकोनोस बेटावर सुट्टीसाठी गेलेला पर्यटक साधारण अर्ध्या तासाच्या बोटीने डेलोसला जातोच. अपोलोचे जन्मस्थान मानले जाणारे ते बेट आज जवळपास निर्मनुष्य आहे, मुक्कामाला परवानगी नाही, तरीही मिकोनोसची सहल त्याच्याशिवाय पुरी होत नाही. दुसरीकडे मिकोनोस आणि सँटोरिनी येथे क्रूझमधून उतरणाऱ्या प्रवाशांना २०२५ पासून ऐन हंगामात प्रत्येकी २० युरो शुल्क भरावे लागते. गर्दी एकाच जागी साचली की काय होते, याचे हे उदाहरण.

शिर्डीची स्थिती वेगळी नाही. सारे भाविक एका रांगेत उभे असतात, तर अर्ध्या तासावरचा अहिल्यादेवींचा घाट मोकळा असतो. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे आणि तेव्हा गोदाकाठी येणारी गर्दी शिर्डीकडेही वळेल. त्यातील थोडे जण जरी पुणतांब्यात उतरले, तरी चहाच्या टपरीपासून पेरूच्या हातगाडीपर्यंत चार पैसे गावात राहतील. शिवाय जेथे माणसांचा राबता असतो, तेथील घाटांच्या डागडुजीची मागणी कानाआड करणे अवघड जाते.

पुढच्या शिर्डीवारीत परतीची गाडी चार तास उशिराची काढावी. पुणतांब्यासाठी तेवढे पुरेसे आहे.