पिंजऱ्याचे दार

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी कुंभकोणमला आत्याकडे गेलो होतो. तंजावरच्या मराठा राजवटीपासून त्या भागात मराठी घराणी आहेत. आत्याचे सासर त्यांपैकीच एक. तिच्या ओसरीवर पिंजऱ्यात लव्हबर्डची एक जोडी होती. समोर शारंगपाणी मंदिराच्या गोपुराभोवती पोपट मोकळे उडत होते. मला या दोघांची दया आली. दुपारी सगळे झोपल्यावर मी पिंजऱ्याचे दार उघडले.

एक पक्षी उडाला. लगेच कावळे त्याच्या मागे लागले. संध्याकाळपर्यंत शोधूनही तो सापडला नाही. आत्या रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, त्याला बाहेरचं काही ठाऊकच नव्हतं." दुसरा पक्षी दोन दिवस त्याला हाका मारत होता. मग मी या पक्ष्यांविषयी वाचायला घेतले.

लव्हबर्ड हा आफ्रिकेतला छोटा पोपट. वजन साधारण 50 ग्रॅम. त्याच्या 9 जाती आहेत. 8 आफ्रिका खंडात आणि 1 मादागास्कर बेटावर. आत्याकडची गुलाबी तोंडाची जात नामिबियासारख्या कोरड्या प्रदेशातली. ते थव्याने, पाणवठ्यांच्या आसपास राहतात. मादी सालीच्या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते!

आपल्या दुकानांत 'लव्हबर्ड' म्हणून पुष्कळदा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर विकतात. त्यांची शेपटी लांब आणि पाठीवर बारीक पट्टे असतात. खऱ्या लव्हबर्डची शेपटी आखूड व चोच जाड असते.

पाळलेले लव्हबर्ड पिंजऱ्यातच जन्मतात. दाणे कुठे शोधायचे, शत्रू कोण, हे शिकवणारा थवा त्यांना मिळत नाही. म्हणून त्यांना सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे. उलट, गोपुरावरचा आपला हिरवा पोपट रानचा आहे. त्याला पकडणे आणि पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत पोपटाकडून चिठ्ठी उचलवून भविष्य सांगणाऱ्यांनाही हाच कायदा लागू आहे.

लव्हबर्ड पाळायचेच असतील तर एकटा ठेवू नये. पिंजरा उडता येईल इतका रुंद हवा. नॉनस्टिक भांडे फार तापले तर त्याच्या वाफेने पक्षी मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. शिवाय हे पक्षी 10 ते 15 वर्षे जगतात. विकत घेण्याआधी त्याचाही विचार करावा.

आत्याने उरलेल्या पक्ष्याला सोबती आणला आणि रुंद पिंजरा घेतला. पिंजऱ्याचे निम्मे पैसे मी माझ्या खाऊच्या पैशांतून दिले.